दुधाचा कारखाना फाट्यावर का येत नाही

जालन्याहून मंठ्याकडे निघालेला रस्ता वाटूरला फुटतो. सरळ गेले की मंठा, पुढे जिंतूर. उजवीकडे वळले की परतूर आणि तिथून माजलगाव. शेगावहून पंढरपूरला जाणारा मार्गही लोणार, मंठा, परतूर, माजलगाव याच अंगाने जातो. परतूरला रेल्वे स्थानक आहे, जालन्याजवळून समृद्धी महामार्ग गेला आहे, दरेगावला ड्राय पोर्टचे काम झाले आहे आणि सुमारे १७९ किलोमीटरचा जालना-नांदेड द्रुतगती मार्ग याच पट्ट्यातून आखलेला आहे. नकाशा पुढे ठेवून पाहणाऱ्याला वाटावे की मालाची ने-आण करणाऱ्या कोणत्याही धंद्याला याहून सोयीचा फाटा शोधून सापडणार नाही. मग बारामतीला अमेरिकी कंपनी चीज करते, श्रीरामपूरची डेअरी फ्रेंच कंपनी विकत घेते आणि वाटूर-परतूरच्या वाट्याला मात्र दुधाचा एकही मोठा कारखाना येत नाही, असे का? या प्रश्नाला ठरलेली उत्तरे दोन. एक म्हणजे मराठवाड्यावरचा अन्याय, दुसरे म्हणजे दुष्काळ. दोन्हींत तथ्य आहे, पण कारखाना कुठे बसतो याचे गणित त्यांत सापडत नाही. दूध हा असा माल आहे की त्याच्या बाबतीत रस्त्याचा क्रमांक दुसरा लागतो. पहिला क्रमांक लागतो एका तासाच्या फेरीत किती लिटर गोळा होते याचा. आंतरराष्ट्रीय कंपन्या गेली काही वर्षे भारतात जे व्यवहार करत आहेत ते नीट पाहिले, तर त्या जमीन आणि यंत्रे विकत घेत नसून ही फेरीच विकत घेत आहेत, असे दिसते.

जगातली सर्वांत मोठी दूध कंपनी लॅक्टालिस. तिचे मुख्यालय पॅरिसमध्ये नाही, पश्चिम फ्रान्समधल्या लाव्हाल या गाईगुरांच्या मुलखातल्या मध्यम गावात आहे. १९३३ साली आंद्रे बेस्निए यांनी तिथे ३५ लिटर दुधातून कामाँबेर चीजचे १७ नग केले, तिथून ही कंपनी सुरू झाली आणि आजही ती त्याच घराण्याच्या ताब्यात आहे. न्यूझीलंडच्या फॉन्टेराचे उदाहरण याहून बोलके आहे. आपल्या उत्पादनाचा जवळजवळ ९५ टक्के भाग परदेशी विकणारी ही कंपनी. तिचे कारखाने बंदरांना खेटून असायला हवेत असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तिचा प्रचंड मोठा वारेरोआचा कारखाना ताराना‌की प्रांतात, हावेरा नावाच्या छोट्या गावाशेजारी कुरणांच्या मधोमध उभा आहे. जर्मन अर्थशास्त्रज्ञ फॉन थ्यूनेन यांनी १८२६ साली मांडले होते की शहराभोवतीच्या पहिल्या वर्तुळात दूध आणि भाजी पिकेल, कारण दोन्ही नासतात. बर्फ, वाफ आणि पाश्चरीकरण आल्यावर ते वर्तुळ फुटले. पुढे १९०९ साली आल्फ्रेड वेबर यांनी सांगितलेला नियम दुधाला अधिक लागू पडला: ज्या कच्च्या मालाचे वजन प्रक्रियेत घटते, त्याचा कारखाना कच्च्या मालाजवळ जातो. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. शंभर किलोमीटर दूध वाहून न्यायचे म्हणजे मुख्यतः पाणीच वाहून न्यायचे, आणि त्या पाण्यालाही डिझेल तेवढेच लागते.

आता भारतातले व्यवहार पाहू. लॅक्टालिसने २०१४ मध्ये हैदराबादची तिरुमला डेअरी घेतली, २०१६ मध्ये इंदूरच्या अनिकचा दूध व्यवसाय घेतला आणि २०१९ मध्ये श्रीरामपूरच्या प्रभात डेअरीचा दूध व्यवसाय सुमारे १,७०० कोटी रुपयांना घेतला. श्रीरामपूरजवळ रांजणखोलला प्रभातचा मुख्य कारखाना होता, नवी मुंबईत तुर्भ्याला दुसरा. एवढ्या पैशात तसे दोन कारखाने कोऱ्या जमिनीवर, नव्या यंत्रांनिशी बांधता आले नसते का? बांधता आले असते आणि वर शिल्लकही राहिली असती. पण १९९८ पासून प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यात गावोगाव उभी राहिलेली संकलन केंद्रे, त्यांना बांधलेले शेतकरी, कोणत्या वाटेवर कोणता टँकर किती वाजता पोचतो याचे बसलेले वेळापत्रक आणि दहा दिवसांच्या ‘दुधाच्या पगारा’वर बसलेला विश्वास, या गोष्टी बांधून मिळत नाहीत. त्या वर्षानुवर्षे साचतात. कंपनीने मोजलेली रक्कम मुख्यतः त्या साच्याची होती, असे माझे म्हणणे आहे.

याच्या उलट वाट दुसऱ्या फ्रेंच कंपनीने चोखाळून पाहिली. दानोनने २०१० च्या सुमारास भारतात दही आणि दुधाचे पदार्थ स्वतःच्या नावाने आणले आणि कारखाना ठेवला हरियाणात सोनिपतजवळ राई इथे, म्हणजे दिल्लीच्या उंबरठ्यावर. ग्राहक जवळ, शीतसाखळी आखूड, पैसा भरपूर. तरी २०१८ च्या आरंभी कंपनीने भारतातला दुधाचा व्यवसाय गुंडाळला. अपयशाला कारणे अनेक असतील. किमती चढ्या होत्या आणि अमूल-मदर डेअरीच्या विक्रीच्या जाळ्यासमोर टिकणे सोपे नव्हतेच. पण दूध गोळा करण्याचे पिढ्यांचे जाळे पाठीशी नसताना केवळ बाजाराजवळ जाऊन बसल्याने भागत नाही, हेही त्यातून दिसले. गंमत म्हणजे तो बंद पडलेला कारखाना पुढे विकत घेतला पराग मिल्क फूड्सने, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या मंचरमध्ये १९९२ साली सुरू झालेल्या कंपनीने. दूध गोळा करणे ज्यांच्या हाताखालचे, त्यांना पुढे बाजाराजवळची यंत्रे स्वस्तात मिळाली.

ही ‘फेरी’ म्हणजे नेमके काय, ते जवळून पाहिल्याशिवाय पुढचे बोलणे हवेत राहील. संध्याकाळी धारा काढल्या की दुधाची उलटी गणती सुरू होते. कासेतून निघालेले दूध सुमारे ३७ अंशांचे असते आणि जंतूंच्या वाढीला तेच तापमान सर्वांत मानवते. शेतकरी किटली घेऊन केंद्रावर येतो. केंद्रचालक दूध ढवळून छोट्या बाटलीत नमुना घेतो, यंत्राच्या नळीला लावतो, पडद्यावर फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) आणि डिग्री (घनतेचा आकडा) उमटते आणि चिठ्ठी निघते. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे भावाचे प्रमाण. त्याखाली प्रत्येक पॉइंटला पैसे कापले जातात. मग दूध कॅनमधून किंवा थेट बल्क कूलरमध्ये ओतले जाते, तिथे ते चार अंशांपर्यंत उतरवायचे असते. मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत, बाहेर बेचाळीस अंश असताना, हे दोन-तीन तासांत झाले नाही तर दूध आंबटपणाकडे झुकते. कारखान्याच्या फाटकावर टँकरच्या प्रत्येक कप्प्यातला नमुना घेऊन तापवून पाहतात; तापवल्यावर फुटले तर तो कप्पाच्या कप्पा परत. एका गावाच्या दोन आंबट कॅनांनी पाच गावांचे दूध बाद होऊ शकते. म्हणून वीज जाणे, जनरेटरला डिझेल नसणे किंवा पावसात पुलावरून पाणी जाणे हे दूध धंद्यात साधे अडथळे नसतात. त्या दिवशीचा मालच संपतो. कापूस आठ दिवस थांबतो, मोसंबी चार दिवस थांबते. दूध त्या संध्याकाळच्या पुढे थांबत नाही.

आता हिशेब मांडू. समजा एका टापूत दहा हजार लिटरचा टँकर साठ किलोमीटर फिरून भरतो. दुसऱ्या टापूत तसाच टँकर दोनशे किलोमीटर फिरतो आणि जेमतेम अर्धा भरतो. टँकरचा खर्च किलोमीटरला ४० रुपये धरला, तर पहिल्या ठिकाणी लिटरमागे २४ पैसे पडतात, दुसऱ्या ठिकाणी एक रुपया साठ पैसे. दूध खरेदी-विक्रीत रुपया-दीड रुपया ही चिल्लर नव्हे. अनेकदा तोच नफा असतो. शिवाय ही फक्त संकलनाची वाहतूक झाली. कमी दुधाच्या गावातला बल्क कूलर अर्धवट भरतो पण वीज जवळजवळ पूर्ण खातो, केंद्रचालकाला परवडत नाही म्हणून तो केंद्र सोडतो आणि केंद्र बंद पडले की उरलेसुरले दूधही गावातच रतिबाला किंवा खव्याच्या कढईत जाते. आणि कारखान्याचे बाष्पीभवनाचे यंत्र काही लाख लिटर दूध रोज मागते. ते दिवसाआड चालवता येत नाही. तेव्हा कंपनीचा माणूस जागा पाहायला आला की त्याची नजर फाट्यावरच्या जमिनीवर जात नाही. पन्नास किलोमीटरच्या परिघात उन्हाळ्यात, म्हणजे दूध सर्वांत कमी असताना, रोज किती लिटर निघते हे तो आधी विचारतो.

श्रीरामपूर आणि बारामती या प्रश्नाला उत्तर देऊ शकली, कारण ते उत्तर शंभर वर्षांपूर्वीपासून तयार होत होते. नीरा डावा कालवा १८८५ चा, भंडारदऱ्याचे धरण १९२६ चे. पाण्यामागून ऊस आला, उसामागून साखर कारखाने, कारखान्यांमागून सहकारी पतपुरवठा आणि वर्षातले पाच-सहा महिने मिळणारे उसाचे वाढे. त्या वैरणीवर पुढे उरुळी कांचनच्या बायफसारख्या संस्थांनी संकरित गाई उभ्या केल्या. मणिभाई देसाई यांनी ती संस्था १९६७ मध्ये काढली. तालुका दूध संघ आले. म्हणजे अमेरिकी श्राइबर कंपनीचा, श्राइबर डायनामिक्स या नावाचा, बारामतीचा कारखाना मॅकडोनाल्डच्या बर्गरसाठी चीज करू लागला तेव्हा त्याच्या दारात येणारे दूध सिंचन खाते, साखर कारखाने आणि दूध संघ यांनी आधीच पिकवून ठेवलेले होते. परदेशी कंपन्यांचे कौतुक करताना आणि त्यांना शिव्या देतानाही ही गोष्ट विसरली जाते: महाराष्ट्रात तरी त्या सार्वजनिक पैशाने तयार झालेल्या दुधावर उशिरा आलेल्या गिऱ्हाईक आहेत.

वाटूर-परतूरकडे यातले काय आहे? गोदावरीवरचा जायकवाडीचा डावा कालवा जिल्ह्याच्या दक्षिणेला अंबड-घनसावंगीच्या बाजूने जातो. निम्न दुधना प्रकल्प अलीकडचा आणि त्याचे धरण सेलूकडचे. या पट्ट्यातले बहुतेक रान पावसावरचे. पूर्वी तिथे ज्वारी असे आणि ज्वारीबरोबर कडबा असे. देवणी किंवा लाल कंधारीसारखी गाय दिवसाला चार-पाच लिटर दूध देई, पण तिचे मोल बैल देण्यात होते, दूध हा वरकड फायदा. आज रानात सोयाबीन, कापूस आणि तूर आहे. सोयाबीनला भाव आणि बाजार मिळाला म्हणून शेतकऱ्याने ते पेरले, त्यात त्याचे काही चुकले नाही. पण सोयाबीनच्या भुसकटाने कडब्याची जागा भरत नाही. कापसापासून सरकी पेंड मिळते, तुरीची चुनी मिळते. खुराकाची बाजू भक्कम, पोट भरणाऱ्या वैरणीची बाजू रिकामी. २०२४ मध्ये जालन्याच्या दगडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा चर्चा झाली ती भाकरीच्या चवीची. गोठ्याच्या दृष्टीने त्या ज्वारीचे ताटही तितकेच मोलाचे होते, ते कुणी मोजले नाही. त्यात २०१२-१३ चा दुष्काळ जालन्याला राज्यात सर्वाधिक बसलेल्या जिल्ह्यांत होता आणि त्यानंतर २०१४ ते २०१६ सलग हाल झाले. अशा वर्षी दावणीची गाय बाजारात निम्म्या किमतीत जाते आणि पाऊस परतला म्हणून गाय परतत नाही. पाडीची गाय व्हायला अडीच-तीन वर्षे लागतात.

पहिला आक्षेप रस्त्याच्या बाजूने येईल. पूर्वी मुंबई लांब होती, आता ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरची समृद्धी मुंबईजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुली आहे. मग अंतराची सबब कशाला? पण अंतराची सबब कधीच खरी नव्हती. १९४५ मध्ये मुंबई सरकारच्या दूध योजनेसाठी आणंदचे दूध ४२७ किलोमीटरवरून मुंबईत येऊ लागले, तेही रेल्वेने, आजची शीतगृहे आणि स्टीलचे टँकर नसताना. त्या व्यवहारातला पॉल्सन या खासगी डेअरीचा मक्ता मोडण्यासाठी खेड्यातले शेतकरी एकत्र आले आणि १९४६ मध्ये खेडा जिल्हा दूध संघ उभा राहिला. जालन्याहून रेल्वेने मुंबई साधारण तेवढीच दूर आहे आणि मनमाड-हैदराबाद हा लोहमार्ग १९०० च्या सुमारास परतूरवरून गेला. सव्वाशे वर्षे रूळ दारात आहेत. त्यावरून कापूस गेला, माणसे गेली, दूध गेले नाही. कारण पाठवण्याइतके गोळा होत नव्हते. शिवाय रस्ता दोन्ही बाजूंनी वाहतो हे समृद्धीच्या भाषणांत कुणी सांगत नाही. ज्या रस्त्याने मराठवाड्याचे दूध मुंबईला जाऊ शकते, त्याच रस्त्याने नगर-नाशिकची आणि गुजरातची दुधाची पिशवी पहाटे चारला मराठवाड्याच्या शहरांत अधिक स्वस्तात येऊ शकते. जिथे संकलन कमजोर असते तिथे चांगला रस्ता आधी पिशवीच आणतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तो असा, की दूध नाही म्हणून कारखाना नाही आणि कारखाना नाही म्हणून दूध नाही, हे चक्र कुणीतरी तोडलेच पाहिजे. खात्रीचे गिऱ्हाईक आले की गाई आपोआप वाढतील. याला आधार पंजाबातल्या मोगा इथला आहे. १९६१ मध्ये नेस्लेने तिथे कारखाना काढला तेव्हा दूध घालणारे शेतकरी फक्त १८० होते, पुढच्या काही दशकांत ते ७५ हजारांवर गेले. कारखाना आधी, दूध मागून. पण त्या गोष्टीचा उरलेला भाग पाहायला हवा. मोग्याला कालव्याचे पाणी होते. कंपनीने गावोगाव शीतकरण केंद्रे उभारली, पशुवैद्य ठेवले, चाऱ्याची पिके शिकवली आणि कूपनलिकांना पैसा दिला. अर्धवट चालणारा कारखाना वर्षानुवर्षे सोसण्याइतका दम तिच्याकडे होता, आणि सरकारने दुसरी दारे बंद ठेवल्यामुळे तो सोसण्यावाचून गत्यंतरही नव्हते. आज भारतात येणाऱ्या कंपनीला तसे बंधन नाही. तयार डेअरी विकत मिळत असताना ती वीस वर्षे थांबणार नाही. आणि नुसता कारखाना उभारून काय होते याचे उदाहरण मराठवाड्यातच आहे. उदगीरला शासनाने दूध भुकटीचा मोठा प्रकल्प उभारला, त्याचे नाव झाले, आणि नंतर तो बंद पडून कित्येक वर्षे तसाच राहिला. यंत्रे होती, इमारत होती, रेल्वेही होती. दूध शासकीय योजनेकडे येईनासे झाले तेव्हा यातले काहीच उपयोगी पडले नाही.

तिसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो सर्वांत गोंधळलेला. दुष्काळी तालुक्यात दुधाचा कारखाना म्हणजे माणसांच्या तोंडचे पाणी पळवणे, असे म्हटले जाते. कारखान्यापुरते हे फारसे खरे नाही. भुकटी करताना दुधातले पाणीच वाफ होऊन बाहेर येते आणि ते धरून स्वच्छ करून वापरता येते. मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात, पाण्याच्या टंचाईच्या भागात, नेस्लेने २०१४ पासून एक दूध कारखाना याच पाण्यावर चालवून दाखवला आहे. पाणी लागते ते चाऱ्याला. तिथे आक्षेप खरा आहे, पण त्याचेही उत्तर अगदी ‘नाही’ असे येत नाही. बनासकांठा हा गुजरातचा कोरडा जिल्हा, आणि देशातले सर्वांत मोठे दूध संकलन करणाऱ्या संघांत त्याचा संघ आहे. आपल्याकडे सांगोला, जत, माण हे भाग काही पाणथळ नाहीत, तरी तिथे दूध आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला दर दहा दिवसांनी हातात येणारा पैसा सोयाबीनच्या वर्षातून एकदा येणाऱ्या पैशापेक्षा दुष्काळात जास्त धरून ठेवतो. फक्त बनासकांठ्याने हे भूजल उपसून केले, हे लपवता कामा नये. परतूर-मंठ्यात तोच उपसा झाला तर दहा वर्षांत बोअर आटतील आणि गाई विकाव्या लागतील. म्हणून इथली वैरण उसाची किंवा बारमाही हिरव्या गवताची नसावी. खरीप मक्याचा मुरघास आणि रब्बी ज्वारीचा कडबा यांवर दूध उभे राहणार असेल तरच ते टिकेल. मुरघास म्हणजे पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यापर्यंत साठवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग, आणि त्याला धरण लागत नाही.

आता समजा, दूध वाढले. तरी ते कोणत्या रूपात वाटूरबाहेर पडावे? मुंबईच्या पिशवीच्या धंद्यात उतरणे शहाणपणाचे नाही, कारण तिथे जवळचे जिल्हे दर तासाला पुढे आहेत. मोठे अंतर असलेल्या जागेने पाणी काढून टाकलेला माल विकावा. एक लाख लिटर दुधाला दहा मोठे टँकर लागतात. त्यातले घन पदार्थ भुकटी आणि लोणी करून पाठवले तर एका ट्रकमध्ये मावतात आणि ते बंदरापर्यंतही जातात. पण भुकटीत एक मोठी मेख आहे. तिचा भाव आपल्या हातात नाही, जागतिक बाजाराच्या हातात आहे. जुलै २०२३ मध्ये राज्य शासनाने गाईच्या दुधाला ३४ रुपये किमान भाव ठरवला. भुकटी-लोण्याचे भाव उतरले तसा तो भाव कागदावर राहिला आणि २०२४ मध्ये लिटरला आधी पाच, मग सात रुपयांचे अनुदान द्यावे लागले. ऑक्टोबर २०२४ मधले सूत्र असे होते की डेअरीने २८ रुपये द्यायचे आणि शासनाने ७. त्यासाठी जनावराच्या कानाला बिल्ला हवा होता, बँक खाते जोडलेले हवे होते आणि दूध संघटित डेअरीला घातलेले हवे होते. ज्या भागात डेअरीच नव्हती तिथल्या शेतकऱ्याला या अनुदानाचा एक पैसाही मिळाला नाही, हा त्या योजनेतला न बोललेला प्रादेशिक भेद. भुकटीपेक्षा मला मराठवाड्यातलेच दुसरे उदाहरण महत्त्वाचे वाटते: भूम, पाटोदा, कुंथलगिरीचा खवा. रेल्वे नाही, मोठा कारखाना नाही, सिंचन नाममात्र. तरी पाच लिटरचा एक किलो करून तो माल पुण्या-हैदराबादच्या मिठाईवाल्यांपर्यंत जातो. दुधातले पाणी गावातच ठेवून बाकीचे पाठवायचे, हे वेबर यांचे सूत्र तिथल्या भट्टीवाल्यांनी पुस्तक न उघडता अमलात आणले. त्या भट्ट्या लाकूड जाळतात, धूर करतात, दर्जा सारखा राहत नाही, हे खरे. पण वाफेवरची कढई आणि शीतपेटी ही सुधारणा काही हजार लिटरांवर परवडते, भुकटीच्या मनोऱ्याला लाखांत दूध लागते.  

परदेशी कंपनी आली तर शेतकऱ्याचे भले की बुरे, हा वाद मी इथे लांबवणार नाही, कारण तो बहुधा चुकीच्या ठिकाणी घातला जातो. भाव कंपनीच्या जातकुळीपेक्षा गावात येणाऱ्या टँकरांच्या संख्येवर जास्त ठरतो. श्रीरामपूर-संगमनेर-राहाता भागात एका गावाला सहकारी संघ आणि दोन-चार खासगी डेअऱ्या दूध मागतात. तिथे एकाने फॅटचे पॉइंट जास्त कापले तर शेतकरी दुसऱ्या केंद्रावर जातो. जिथे एकच टँकर येतो तिथे तो फ्रेंच असो, सहकारी असो की गावच्या पुढाऱ्याचा, चिठ्ठीवरचा आकडा मुकाट्याने घ्यावा लागतो. महाराष्ट्रात संघटित संकलनातला निम्म्याहून मोठा वाटा खासगी डेअऱ्यांकडे गेलेला असताना, वाटूरसारख्या नव्याने दूध सुरू करणाऱ्या भागाने पहिल्याच दिवशी एका कंपनीला पूर्ण तालुका लिहून देणे हा धोक्याचा व्यवहार ठरेल. मोठा कारखाना नेमके तेच मागतो.

विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाचा दुसरा टप्पा २०२४ मध्ये मंजूर झाला. एकोणीस जिल्हे, त्यात जालना आलाच, आणि तरतूद सुमारे १४९ कोटी. प्रभात डेअरीच्या एका व्यवहाराच्या दहाव्या हिश्श्याहूनही ती कमी आहे, त्यामुळे त्यातून चमत्काराची अपेक्षा कुणी करू नये. तरी त्यात दुधाळ जनावरे, कडबाकुट्टी यंत्रे, मुरघास, खुराक आणि वांझपणावरचे उपचार आहेत, म्हणजे क्रम बरोबर लावलेला आहे: आधी गोठा, मग टँकर. वाटूर फाट्याचा खरा उपयोग या क्रमातल्या दुसऱ्या, टँकरच्या पायरीवर आहे. मंठा, परतूर आणि जालन्याच्या वाटा जिथे मिळतात, तिथे दोन स्वतंत्र टाक्यांचे शीतकरण केंद्र उभे राहिले तर दोन वेगळ्या खरेदीदारांचे टँकर एकाच ठिकाणाहून दूध उचलू शकतील आणि कोणत्याही एका फेरीला दोनशे किलोमीटर हिंडावे लागणार नाही. त्याआधी एक काम मात्र तालुक्यालाच करायचे आहे आणि त्याला कुणाच्या मंजुरीची गरज नाही. परतूर आणि मंठा तालुक्यांतल्या प्रत्येक गावातून सकाळी किती, संध्याकाळी किती, पौषात किती आणि वैशाखात किती लिटर दूध निघते, त्यातले घरी किती राहते आणि विकायला किती उरते, याचा गावनिहाय तक्ता. मुंबईची असो वा लाव्हालची, कोणत्याही डेअरीचा संकलन व्यवस्थापक टेबलावर बसल्यावर पहिल्यांदा तोच कागद मागतो, आणि रस्त्यांचा नकाशा त्याने आधीच पाहिलेला असतो.